मधुमेहाचे नवे निदान: पहिल्या तीन महिन्यांत काय करावे आणि कोणत्या क्रमाने

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण आपल्या गोव्यात आढळले. देशाची सरासरी ११.४ टक्के असताना गोव्याचा आकडा २६.४ टक्के होता. त्यामुळे निदान झाल्याचे कळताच शेजारी, नातेवाईक आणि कार्यालयातले सहकारी सल्ला देऊ लागतात आणि त्यातला बराचसा सल्ला कळकळीचाही असतो. अडचण अशी की, तो कोणत्याही क्रमाने येत नाही. एकजण भात बंद करायला सांगतो, दुसरा कारल्याचा रस सुचवतो, तिसरा गोळ्या लांबवायला सांगतो आणि आधी काय करायचे हे कोणीच सांगत नाही. मी स्वतः या वाटेने गेलो आहे, म्हणून तो क्रम येथे मांडत आहे. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह निदानाच्या दिवशी सुरू झालेला नसतो. तो बहुधा काही वर्षे शरीरात असतो. म्हणून आजवर त्याने शरीरावर काही परिणाम केला आहे का, हे आधी पाहावे. आपले ताट आपल्या साखरेवर काय परिणाम करते, ते त्यानंतर शिकावे आणि हे सगळे चालू असताना औषधात खंड पडू देऊ नये. तुमच्या डॉक्टरांनी तुमची तपासणी करून दिलेला सल्ला या लेखापेक्षा नेहमीच वरचा मानावा.

१. निदान पक्के झाले आहे ना, याची खात्री करा

शिबिरात बोटातून थेंबभर रक्त घेऊन दाखवलेला आकडा हे निदान नव्हे; ती फक्त पुढे तपासणी करण्याची सूचना असते. निदान प्रयोगशाळेत शिरेतून घेतलेल्या रक्तावर होते. आठ तास उपाशी राहिल्यानंतरची साखर १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा अधिक, अथवा एचबीएवनसी (मागच्या सुमारे तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी रक्तचाचणी) ६.५ टक्के किंवा अधिक, हे मधुमेहाचे निकष आहेत. वारंवार लघवी, तहान, वजन घटणे अशी लक्षणे नसतील, तर एकाच अहवालावर न थांबता दुसरी चाचणी करून खात्री करून घेतली जाते. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ टक्के असेल, तर ती मधुमेहपूर्व अवस्था असते आणि तिचा विचार वेगळा करावा लागतो.

तीन गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगा. तापासारखा मोठा आजार नुकताच झाला असेल किंवा स्टेरॉइड चालू असेल, तर साखर तात्पुरती वाढलेली असू शकते. रक्तक्षय किंवा थॅलेसेमिया असेल, तर एचबीएवनसीचा आकडा फसवा ठरू शकतो. आणि तुम्ही अंगाने बारीक असाल व वजन झपाट्याने उतरत असेल, तर हा पहिल्या प्रकारचा मधुमेह तर नाही ना, हे सरळ विचारा, कारण त्यात इन्सुलिनला पर्याय नसतो.

२. एक फाईल करा

पुढची अनेक वर्षे तुम्ही वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जाणार आहात आणि त्या सगळ्यांना जोडणारा दुवा म्हणजे तुमची फाईल. तिच्यात पुढील कागद असावेत.

- आजवरचे सर्व रक्ताचे अहवाल, जुन्यातला जुना वर; अनेकदा चार वर्षांपूर्वीच्या एखाद्या अहवालात उपाशीपोटी ११० साखर नोंदलेली सापडते आणि आजाराचे वय कळते.
- चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, आयुर्वेदिक व घरगुती औषधांसह. शक्य असल्यास गोळ्यांची पाकिटेच.
- आईवडील व भावंडांपैकी कोणाला मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, याची नोंद.
- आधार कार्ड आणि दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड.

या शेवटच्या कार्डाविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो. २०१६ मध्ये सुरू झालेली ही योजना गोव्यात किमान पाच वर्षे राहणाऱ्या कुटुंबांसाठी आहे आणि तिचा उपयोग मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी होतो. दर महिन्याच्या गोळ्यांचा खर्च तिच्यातून निघेल असे गृहीत धरू नका. पण कार्डाची मुदत संपू देऊ नका. नेहमीच्या तपासणीसाठी आपल्या भागातले प्राथमिक किंवा सामाजिक आरोग्य केंद्र हे पहिले ठिकाण आहे. तेथून गरजेप्रमाणे म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा रुग्णालयात अथवा बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) पाठवले जाते आणि तसे पाठवताना दिलेली चिठ्ठी व जुने अहवाल सोबत असले, तर पुन्हा त्याच चाचण्या कराव्या लागत नाहीत.

३. पहिल्याच महिन्यात डोळे, मूत्रपिंडे आणि पाय तपासून घ्या

सर्वांत जास्त टाळाटाळ याच पायरीची होते, कारण दुखत काहीच नसते. दृष्टिपटलाची तपासणी निदान होताच करायची असते आणि पुढे साधारणपणे दर वर्षी. तीत बाहुली मोठी करण्यासाठी डोळ्यांत थेंब घालतात. त्यानंतर काही तास समोरचे धूसर दिसते आणि उजेड सहन होत नाही. म्हणून त्या दिवशी स्कूटर घेऊन जाऊ नका, घरच्या कोणाला तरी सोबत न्या आणि काळा चष्मा ठेवा. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून घेणे म्हणजे ही तपासणी नव्हे. आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगायला हवी. साखर उतरू लागली की पहिले काही आठवडे नजर बदलत राहते, कारण डोळ्यातल्या भिंगावरही साखरेचा परिणाम होतो. त्या काळात नवा चष्मा करू नका. साखर काही आठवडे स्थिरावल्यावर नंबर काढा, नाहीतर पैसे वाया जातात.

मूत्रपिंडांसाठी दोन चाचण्या लागतात: रक्तातील क्रिएटिनिन, ज्यावरून मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता काढतात, आणि लघवीतील अल्ब्युमिन (एक प्रथिन) व क्रिएटिनिन यांचे प्रमाण. साध्या लघवी-तपासणीत अल्ब्युमिनची सुरुवातीची अल्प गळती सापडत नाही आणि प्रयोगशाळांच्या पॅकेजमध्ये ही दुसरी चाचणी असेलच असे नाही, म्हणून तिचे नाव घेऊन मागणी करा.

पायांची तपासणी डॉक्टर एका बारीक नायलॉनच्या तंतूने करतात: डोळे मिटायला सांगून तळव्याला ठिकठिकाणी तो टेकवतात आणि स्पर्श कळला का, ते विचारतात. डॉक्टरांनी पाय पाहिले नाहीत, तर स्वतःच चप्पल काढून दाखवा. याच भेटीत रक्तदाब (बहुतेकांसाठी १३०/८० च्या खाली), कोलेस्टेरॉल आणि हिरड्या यांचाही विचार व्हायला हवा; मधुमेहात हृदयाला असणारा धोका साखरेइतकाच या गोष्टींवरही अवलंबून असतो.

४. ग्लुकोमीटर घ्या आणि तो वापरायला शिका

यंत्र स्वस्त असते. खर्च पट्ट्यांचा असतो. म्हणून आपल्या जवळच्या फार्मसीत ज्या यंत्राच्या पट्ट्या सतत मिळतात, तेच यंत्र घ्या. गोव्याच्या पावसाळ्यात या पट्ट्यांचा शत्रू म्हणजे दमट हवा. डबीतून पट्टी काढली की झाकण लगेच घट्ट लावा, पट्ट्या दुसऱ्या डबीत ओतू नका, फ्रिजमध्ये किंवा न्हाणीघरात ठेवू नका आणि मुदत पाहत राहा.

बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. मे महिन्यात मानकुराद कापून नुसतेच फडक्याला हात पुसले आणि बोट टोचले, तर बोटावरचा आंब्याचा रस रक्ताच्या थेंबात मिसळतो आणि यंत्र चक्क तीनशेच्या पुढचा आकडा दाखवू शकते. असा अनपेक्षित आकडा दिसला, तर घाबरून गोळी वाढवू नका. हात धुऊन पुन्हा तपासा. बोटाच्या टोकाच्या मध्यभागी न टोचता कडेला टोचल्यास कमी दुखते. सुई मात्र घरात एकमेकांची वापरू नका, मग ती नवरा-बायको असोत किंवा बापलेक. रक्तातून पसरणारे आजार असेच पसरतात.

रोज एकाच वेळी तपासण्यापेक्षा जोडीने तपासणे अधिक शिकवते: जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा. बहुतेकांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि दोन तासांनी १८० च्या खाली हे लक्ष्य असते. वय आणि इतर आजार पाहून डॉक्टर ते बदलू शकतात. दहा-पंधरा आकड्यांच्या फरकाचा अर्थ लावत बसू नका, तेवढी चूक यंत्रात गृहीतच असते. आकड्याशेजारी त्या वेळी काय आणि किती खाल्ले, हे वहीत लिहा. अशी काही जोड्यांची नोंद झाली की पुढच्या पायरीतले बरेचसे वाद आपोआप मिटतात.

५. ताट समजून घ्या

आपल्याकडे पहिला प्रश्न शिताचा, म्हणजे भाताचा, येतो आणि शीत पूर्ण बंद करण्याचा निश्चय बहुधा टिकत नाही. ते बंद करण्याची गरजही बहुतेकांना नसते, मोजण्याची असते. उकडा तांदूळ चालतो आणि पांढरा चालत नाही, हा समज अर्धवट आहे. उकड्या तांदळाने साखर काहीशी सावकाश चढू शकते, पण डोंगर करून वाढलेले उकडे शीत हेही स्टार्चच आहे. एक वाटी ठरवा, तीच वाटी रोज वापरा आणि वाटीने वाढलेले शीत ताटाच्या पाव भागात मावू द्या. दुसऱ्या पाव भागात नुस्ते (मासे), अंडे, आळसांद्याचे (चवळीचे) किंवा मुगाचे तोंडाक (कडधान्याची रस्साभाजी) असावे. उरलेल्या अर्ध्या ताटात तांबडी भाजी, भेंडी, दोडका, काकडी असे काही. आधी भाजी आणि नुस्ते, मग शीत, असा क्रम ठेवला तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. हे माझ्या शब्दावर मानू नका: एके दिवशी बांगड्याच्या हुमणाबरोबर (माशांच्या आमटीबरोबर) नेहमीएवढे शीत घ्या, दुसऱ्या दिवशी त्याच हुमणाबरोबर निम्मे शीत व दुप्पट भाजी घ्या आणि दोन्ही दिवशी दोन तासांनी आकडा पाहा.

पेजेविषयी वेगळे सांगितले पाहिजे. आजारपणात पथ्य म्हणून दिलेली पेज हलकी असते, ते खरे. पण शिजून मऊ झालेला तांदूळ पातळ रूपात पोटात जातो तेव्हा साखर झटकन वर जाते. सकाळची पेज सोडवत नसेल, तर लहान वाटीभर घ्या आणि तिच्याबरोबर नुसते लोणचे न घेता मूग किंवा अंडे घ्या. खारे आणि सुके नुस्ते साखर वाढवत नाही, मात्र त्यातल्या मिठाने रक्तदाब वाढतो. नाचणीच्या तिजानाचेही (पातळ खिरीचेही) तसेच: नाचणी चांगली, पण बारीक दळून, शिजवून, गूळ घालून प्यायलेले तिजान साखरेला अडवत नाही. गूळ, मध आणि साखर या तिघांत मधुमेहासाठी फरक मानू नये.

पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला की घराघरांत पाव येतोच. त्यात पोय (कोंड्यासह गव्हाच्या पिठाचा पाव) निवडावी, हा सल्ला ठीक आहे. मात्र काही ठिकाणी मैद्याचीच पोय वरून कोंड्यात घोळलेली असते. ओळखीच्या पोदेराला पीठ कोणते, ते विचारा आणि पोय चांगली असली तरी एकावर थांबा. हॉटेलातल्या पातळभाजी-पावाची जागा घरी उकडलेल्या कडधान्याला दिली, तर सकाळचा आकडा किती बदलतो, तेही वहीत दिसेल.

नारळ थेट साखर वाढवत नाही, पण त्यातल्या चरबीने वजन व कोलेस्टेरॉल वाढू शकते, म्हणून वाटपाचा हात थोडा आखडता घ्यावा. रव्यात तळलेल्या नुस्त्याऐवजी हुमण किंवा तव्यावर भाजलेले नुस्ते बरे. आंबा वर्षभर मिळत नाही आणि तो कायमचा सोडा असे सांगणारा सल्ला कोणी पाळत नाही. अर्धा मानकुराद, जेवणावर नव्हे तर दोन जेवणांच्या मध्ये, आमरस न करता फोडीने खा आणि त्यानंतरचा आकडा पाहून ठरवा. फळांचा रस, मग तो घरी काढलेला का असेना, टाळावा. ‘शुगर-फ्री’ लिहिलेल्या बिस्किटांत साखर नसली तरी मैदा असतो.

घरात तुमच्यासाठी वेगळा स्वयंपाक मांडायला लावू नका. हे जेवण घरातल्या सगळ्यांसाठीच योग्य आहे आणि वेगळ्या भांड्यातले पथ्य फार दिवस टिकत नाही.

६. गोळ्या नीट ओळखा

बहुतेकांना सुरुवातीला मेटफॉर्मिन दिली जाते. तिने पहिले काही आठवडे पोट बिघडू शकते; ती जेवणासोबत घ्यावी आणि त्रास झाला तर बंद न करता डॉक्टरांना सांगावे, कारण मात्रा हळूहळू वाढवता येते आणि सावकाश विरघळणारा प्रकारही मिळतो. तो प्रकार चावून किंवा मोडून घेऊ नये. मेटफॉर्मिनने मूत्रपिंडे खराब होतात, हे मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे आणि ते खरे नाही. मूत्रपिंडे आधीच दुर्बल असतील, तर तिची मात्रा कमी करावी किंवा ती थांबवावी लागते. त्यामुळे हा गैरसमज पसरला असावा. दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, म्हणून ते अधूनमधून तपासावे.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेतल्यावर जेवण चुकवता येत नाही, कारण त्या साखर प्रमाणाबाहेर उतरवू शकतात. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. पाणी पुरेसे प्यावे, स्वच्छता पाळावी, जननेंद्रियाला खाज सुटल्यास लाजून गप्प बसू नये आणि उलट्या-जुलाब होत असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर ती गोळी थांबवायची का, हे आधी विचारावे. साखर फारच वाढलेली असेल, तर सुरुवातीलाच काही काळ इन्सुलिन दिले जाते. त्याचा अर्थ आजार शेवटच्या टप्प्यावर आला असा होत नाही.

खर्च वाचवायचा असेल, तर जनऔषधी केंद्रात औषधाच्या मूळ नावाने विचारा. मात्र पाकिटावरचे घटक वाचून पाहा. एकाच गोळीत दोन-तीन औषधे एकत्र असतात आणि वेगळ्या नावाच्या दोन पाकिटांत तेच औषध असल्याने ते दुप्पट पोटात जाण्याचा धोका असतो. घटक न लिहिलेली ‘मधुमेह मुळापासून बरा करणारी’ चूर्णे कितीही विश्वासाच्या माणसाने दिली तरी घेऊ नका.

७. साखर उतरली तर काय करायचे, ते घरच्यांनाही शिकवा

हात थरथरणे, घाम, धडधड, एकदम भूक लागणे, चिडचिड किंवा गोंधळलेपणा ही साखर ७० च्या खाली गेल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि आकडा वर आला नसेल, तर पुन्हा तेच करा. त्यानंतर थोडे खाऊन घ्या. चॉकलेट किंवा पेढा येथे उपयोगी नाही, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर सावकाश शोषली जाते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल, तर साधी साखर पुरेशी लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच लागते. गाडीवर असाल, तर आधी कडेला थांबा. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करा.

उलट दिशेचा धोकाही असतो. साखर ३०० च्या वर टिकून राहिली आणि सोबत उलट्या, धाप किंवा गुंगी असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

८. चालणे आणि पाय

आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालणे आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, एवढे पुरे. त्याखेरीज प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्याने त्या जेवणाची साखर लगेच कमी चढते, म्हणून पावसाळ्यात बाल्कांवात किंवा ओसरीवर घातलेल्या फेऱ्याही वाया जात नाहीत. मिरामारच्या वाळूत चालायचे झाले, तरी पायांत काहीतरी असू द्या. तळव्याची जाणीव कमी झाली असेल, तर शिंपला टोचल्याचे कळत नाही. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालण्याचेही तेच आहे; पहाटे किंवा संध्याकाळी जावे. पावसाळ्यात ओले बूट दिवसभर घालू नका आणि रोज रात्री बोटांच्या बेचक्या कोरड्या करून तळवे आरशात पाहा. पायाला झालेले कुरूप ब्लेडने कापू नका.

९. चवथ, दिवाळी, जत्रा आणि फेणी

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दिवसांत नेवऱ्या, पातोळ्या आणि मणगणे एकाच ताटात येतात. एक निवडा, तिच्या बदल्यात शीत कमी घ्या आणि उरलेले दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवू नका, वाटून टाका. दिवाळीला घरोघरी फोव खावे लागतात. तिखशे असोत वा ताकातले, ते पोहेच आहेत, तेव्हा प्रत्येक घरी चमचाभर घेऊन मान राखता येतो. साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर एकादशी किंवा श्रावणी सोमवारचा उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. आणि साबुदाण्याची खिचडी हा तर निव्वळ स्टार्च आहे. लईराई देवीचे व्रत करणाऱ्या धोंडांनी (जत्रेत निखाऱ्यांवरून चालणाऱ्या भक्तांनी) व्रताच्या आधी पायांची तपासणी करून घ्यावी आणि औषधांच्या वेळा ठरवून घ्याव्यात, अशी माझी मनापासून विनंती आहे. उर्राक किंवा फेणी रिकाम्या पोटी घेतल्यास, विशेषतः ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना, साखर काही तासांनी, झोपेतही उतरू शकते. नशा आणि उतरलेली साखर बाहेरून सारखीच दिसतात, त्यामुळे मदत करायला कोणी पुढे येत नाही. सोबत बसणाऱ्यांना तुमच्या मधुमेहाची कल्पना द्या.

१०. तिसऱ्या महिन्याची भेट

एचबीएवनसी मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवते, म्हणून चाचणीआधीच्या दोन दिवसांच्या पथ्याने ती बदलत नाही. या भेटीला वही घेऊन जा आणि विचारा: माझे लक्ष्य किती? बहुतेकांसाठी ते ७ टक्क्यांच्या खाली असते. गोळी वाढवायची की कमी करायची? पुढची चाचणी तीन महिन्यांनी की सहा? फ्लू, न्यूमोकॉकल आणि हिपॅटायटिस बी यांच्या लशी घ्यायच्या का? वजन जास्त असेल, तर ते किती उतरवावे? निदानानंतरच्या पहिल्या काही वर्षांत वजन लक्षणीय घटवलेल्या काहींची एचबीएवनसी औषधाविना ६.५ च्या खाली राहते. त्यांनाही वार्षिक तपासण्या चालूच ठेवाव्या लागतात.

याच सुमारास सख्ख्या भावंडांना आणि मोठ्या मुलांना साखर तपासून घ्यायला सांगा, कारण त्यांना धोका अधिक आहे. तीस वर्षांवरील सर्वांची मधुमेह व रक्तदाबाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात केली जाते.